अरण्यातला एकटा माणूस आणि त्याच्यामागचा ताफा

१२ ऑगस्ट २०१९ रोजी डिस्कव्हरी वाहिनीवर ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या मालिकेचा एक विशेष भाग दाखविण्यात आला. ब्रिटिश साहसवीर बेअर ग्रिल्स आणि भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात हिंडत आहेत, काठीला सुरी बांधून भाला तयार होत आहे, तराफ्यातून नदी ओलांडली जात आहे, असे त्याचे स्वरूप होते. पंतप्रधान हिंदीत बोलत होते, ग्रिल्स इंग्रजीत. आणि तरी उभयतांचा संवाद कोठेही न अडखळता चालला होता. लोकांनी साहजिकच शंका काढली. त्याच महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी खुलासा केला की, ग्रिल्स यांच्या कानात एक लहानसे बिनतारी यंत्र बसविलेले होते आणि हिंदीचे इंग्रजी भाषांतर त्यातून त्यांना तत्क्षणी ऐकू येत होते. एवढ्याने बहुतेकांचे समाधान झाले. पडद्यावर दोन माणसे आणि भोवती निबिड अरण्य दिसते आहे, मग त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला काय होते, कोण होते, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. वस्तुतः या साऱ्या प्रकारातला तोच खरा प्रश्न आहे.

रानात तग धरण्याचे हे कार्यक्रम कितपत खरे असतात, याची चर्चा आता बरीच जुनी झाली आहे. २००७ साली इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी ग्रिल्स यांच्या मालिकेविषयी जी माहिती उजेडात आणली, ती त्या वेळी खळबळजनक वाटली होती. निर्जन रानात रात्र काढल्याचा आभास निर्माण करणाऱ्या काही प्रसंगी हा वीर प्रत्यक्षात हॉटेलात मुक्कामाला होता. त्याने एकहाती बांधलेला म्हणून दाखविलेला तराफा सहायकांनी आधी बांधून पाहिला होता व नंतर सोडवून ठेवला होता. रानटी म्हणून पकडायला धावलेले घोडे पाळीव होते, भाड्याने आणलेले होते. इंग्लंडच्या चॅनेल फोरने तेव्हा बचाव केला की, हा कार्यक्रम म्हणजे एका माणसाने कोणाच्याही मदतीवाचून तग धरल्याचा माहितीपट नव्हेच. डिस्कव्हरीने पुढे काही भागांत दुरुस्त्या केल्या आणि काही प्रसंग मुद्दाम घडवून आणलेले असतात, अशी सूचना पडद्यावर झळकू लागली. ती सूचना दोन ओळींची. तिच्यामागून येणारे दृश्य पाऊण तासाचे. माणसाच्या मनात काय राहणार, हे उघड आहे.

फसवणुकीपुरतेच बोलायचे तर हा गुन्हा लहान आहे. नाटकात तलवार लाकडी असते म्हणून कोणी नाटकवाल्याला कोर्टात खेचत नाही. परंतु हा कार्यक्रम स्वतःला नाटक म्हणवीत नाही. तो शिकवण्याचा आव आणतो. कार्यकर्त्यांच्या घरांतील मुलेही तो आवडीने पाहतात. तो जे शिकवतो त्यातले पुष्कळसे घातक असते. तहानेने व्याकूळ झालेल्या माणसाने स्वतःचे मूत्र प्यावे, हे ग्रिल्स यांनी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात करून दाखविले. अमेरिकी सैन्याच्या पुस्तिकेत ज्या द्रवांना स्पर्श करू नये म्हणून सांगितले आहे, त्यांत समुद्राचे पाणी, रक्त आणि मद्य यांच्या जोडीने मूत्राचे नाव आहे. कारण साधे आहे. शरीराने जे क्षार आणि जी घाण बाहेर टाकली तीच पुन्हा आत घेतली, तर ती बाहेर काढायला मूत्रपिंडांना आणखी पाणी खर्चावे लागते. तीच गोष्ट कड्यावरून उड्या मारत उतरण्याची आणि बर्फाळ नदीत झोकून देण्याची. एकटा माणूस रानात हरवला आणि त्याचा घोटा मुरगळला, तर ती मरणाची पहिली पायरी असते. हरवलेल्यांचा शोध घेणारी पथके सर्वत्र एकच गोष्ट घोकून सांगतात, ती म्हणजे बसा, हलू नका. १९८१ साली अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या डोंगरात एक नऊ वर्षांचा मुलगा हरवून मृत्यू पावला. त्यानंतर तेथे शाळकरी मुलांसाठी जी शिकवणी सुरू झाली, तिचे सारच हे आहे की, वाट चुकली तर एखाद्या झाडाला मिठी मारून तेथेच थांबावे. झाडाला मिठी मारून बसलेला मनुष्य पाऊण तास दाखविला, तर मात्र जाहिराती मिळणार नाहीत.

अन्नाची कथाही अशीच आहे. जाणकारांचा ढोबळ हिशेब असा की, बोचऱ्या थंडीत आडोशावाचून माणूस तीन तास काढतो, पाण्यावाचून तीन दिवस आणि अन्नावाचून तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक. म्हणजे पहिल्या दिवशी प्रश्न असतो तो अंग कोरडे ठेवण्याचा आणि पाण्याचा. भूक बरीच मागून येते. पडद्यावर मात्र पहिल्या दहा मिनिटांतच अळ्या आणि विंचू चावून खाल्ले जातात, कारण अंग कोरडे ठेवणे डोळ्यांना दिसत नाही आणि विंचू दिसतो.

याउलट, काही कार्यक्रम खरोखर प्रामाणिक आहेत, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. कॅनडाचे लेस स्ट्राउड यांनी २००४ पासून जी मालिका केली, तीत ते सात-सात दिवस खरोखर एकटे राहत आणि कॅमेरे स्वतःच चालवीत. संकटकाळासाठी दूरवर माणसे सज्ज असत, पण चित्र घ्यायला दुसरे कोणी नसे. अशा मालिकेत एखादा मनुष्य पाठमोरा दूरवर चालत जाताना दिसतो, तेव्हा विचार करावा की त्याने आधी कॅमेरा मांडला आहे, मग तो चालत गेला आहे, आणि नंतर कॅमेरा आणण्यासाठी परत येऊन तीच वाट तिसऱ्यांदा तुडविणार आहे. उपाशीपोटी केलेली ही तिप्पट पायपीट कोणत्याही भागात दिसत नाही. तरी ती तेथे असते.

२०१५ पासून अमेरिकेच्या हिस्टरी वाहिनीवर सुरू झालेली ‘अलोन’ ही स्पर्धा या जातीतली सर्वांत कडक म्हणावी लागेल. दहा स्पर्धक, प्रत्येकाला मर्यादित यादीतून निवडलेली दहा साधने, एकमेकांपासून दूर मुक्काम, आणि हार मानायची झाल्यास एक उपग्रह दूरध्वनी. जो सर्वांत शेवटी उरेल त्याला पाच लक्ष डॉलर. येथे हॉटेल नाही, भाड्याचे घोडे नाहीत. भूक खरी आहे. स्पर्धक डोळ्यांदेखत वाळत जातात; मधूनमधून वैद्यकीय तपासणी होते आणि उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक १७ च्या खाली गेला की स्पर्धकाला, त्याची इच्छा असो वा नसो, उचलून नेले जाते. ससे आणि मासे मिळूनही माणूस खंगतो, कारण ज्या मांसात चरबी नाही ते कितीही खाल्ले तरी थंडीत राबणाऱ्या देहाचा खर्च भरून निघत नाही. अशा गोष्टी या मालिकेतून प्रेक्षकाला खऱ्याखुऱ्या कळतात. अर्थात निर्देशांक मोजणारा डॉक्टर असणे, हाच या रानाचा आणि खऱ्या रानाचा फरक आहे. हरवलेल्या माणसाला बाद होण्याची सोय नसते. उलट बाजूही आहे. स्पर्धकांवर त्या त्या प्रदेशाचे शिकारीचे कायदे लागू असतात आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर त्यांना जाता येत नाही. जो खरोखर अडकला आहे, त्याच्यावर अशी बंधने नसतात.

परंतु या प्रामाणिक मालिकेने, बहुधा निर्मात्यांच्या इच्छेविरुद्धच, एक निराळीच गोष्ट सिद्ध केली आहे. व्हँकूव्हर बेटावरच्या पहिल्याच स्पर्धेत एक जण अस्वलांच्या भीतीने पहिल्या रात्रीनंतर परतला. पुढच्या स्पर्धांत तर अंगात बळ असलेले, पोटाला अन्न मिळत असलेले कित्येक जण केवळ बायकामुलांच्या आठवणीने दूरध्वनी उचलून मोकळे झाले. भुकेइतकाच, काही वेळा भुकेहून अधिक, एकाकीपणाने त्यांचा पराभव केला. आणि जे जिंकले ते कशाच्या बळावर? सहाव्या स्पर्धेतील विजेते जॉर्डन जोनास हे उत्तर कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी ७७ दिवस राहिले; त्यांनी मूस नावाचे सांबराच्या कुळातील महाकाय जनावर मारून अन्नाची बेगमी केली. त्यांच्या चिकाटीचे कौतुक रास्तच आहे. पण हे गृहस्थ त्यापूर्वी सैबेरियात एवेंकी या रेनडिअर पाळणाऱ्या भटक्या लोकांत राहून आलेले होते. जनावराची वाट ओळखणे, मांस टिकविणे, थंडीत घर करणे या विद्या त्यांनी एकट्याने शोधल्या नव्हत्या. त्या एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या साठविल्या होत्या आणि एका परक्याला सढळ हाताने दिल्या होत्या. पडद्यावरील शीर्षक मात्र ‘एकटा’ असेच आहे.

या एकट्याची कुळकथा मोठी जुनी आहे. १७१९ साली डॅनियल डीफोने रॉबिन्सन क्रूसो जन्माला घातला आणि तेव्हापासून अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी त्याला सोडलेले नाही. बेटावरचा क्रूसो मासे धरण्यात किती तास घालवील आणि नारळ काढण्यात किती, यावरून मूल्याचे सिद्धांत मांडण्याची हौस पुष्कळ पंडितांना होती. मार्क्सने १८५७ सालीच या हौसेची टर उडवली होती. समाजाबाहेर एकट्याने केलेले उत्पादन ही कल्पना, बोलायला दुसरे कोणी नसताना भाषा निर्माण होण्याइतकीच असंभाव्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. क्रूसो स्वतः फुटक्या जहाजातून बंदुका, हत्यारे आणि धान्य उतरवून घेतो, हे विसरले जाते. ज्याच्यावरून ही कथा सुचली असे मानतात तो अलेक्झांडर सेलकर्क १७०४ ते १७०९ या काळात पॅसिफिक महासागरातल्या ज्या बेटावर राहिला, तेथे तो शेळ्यांच्या मांसावर जगला. आणि त्या शेळ्या आधीच्या स्पॅनिश दर्यावर्दींनी तेथे आणून सोडलेल्या होत्या. ओसाड बेटावरसुद्धा माणूस दुसऱ्या माणसांच्या श्रमावरच जगला.

चित्रपटाच्या इतिहासात या प्रकाराचा आरंभ १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’पासून धरता येईल. रॉबर्ट फ्लॅहर्टीने कॅनडाच्या ध्रुवीय प्रदेशातील एका इन्युइट कुटुंबाची निसर्गाशी झुंज त्यात दाखवली. कॅमेरा आत मावावा आणि उजेड मिळावा म्हणून बर्फाचे घर अर्धेच बांधलेले होते. नायकाचे नाव नानूक नव्हते, आलाकारिआलाक होते. त्या काळी इन्युइट लोक बंदुकीने शिकार करू लागले होते, तरी त्यांच्या हाती भाले देण्यात आले. ग्रामोफोन प्रथमच पाहत असल्यागत नायक तबकडीचा चावा घेतो, तेही ठरवून केलेले. आता या चित्रपटाला पैसा कोणी पुरविला? रेव्हियों फ्रेर या फ्रेंच कंपनीने; आणि तिचा धंदा होता त्याच प्रदेशातून लोकरीची कातडी विकत घेण्याचा. म्हणजे ज्या माणसाची जगाच्या बाजाराशी गाठ केव्हाच पडली होती, त्याला बाजारच पडद्यावर आदिमानव म्हणून उभा करीत होता. बंदूक दाखविली असती तर बंदुकीची किंमत, काडतुसांची उधारी आणि कातड्याचा भाव हे सारे दाखवावे लागले असते.

आजच्या मालिकांत तो हिशेब अधिक चोखपणे झाकलेला असतो. पटकथालेखक नाहीत, नटांचा संघ नाही, देखावे उभारण्याचा खर्च नाही. कथा घडवायला रान फुकट मिळते. ‘अलोन’मध्ये तर छायाचित्रणाचे कामही स्पर्धकच करतो. उपाशी राहायचे त्यानेच आणि त्या उपासमारीचे चित्रीकरण करायचेही त्यानेच. फ्रान्समध्ये अशा सहभागी लोकांनी न्यायालयात दाद मागितली. ती मालिका रानातली नव्हे, बेटावरच्या प्रलोभनांची होती. पण न्याय सर्वांना लागू पडणारा आहे. निर्मात्याच्या आज्ञेत राहून, त्याने ठरविलेल्या कार्यक्रमात भाग घेऊन जो मनुष्य आर्थिक मूल्य असलेली मालिका तयार होऊ देतो तो श्रमिक आहे, त्याला नोकरीच्या कराराचे सर्व हक्क आहेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २००९ रोजी दिला. आपल्याकडच्या कामगार संघटनांनी या निर्णयाचा अभ्यास अद्याप फारसा केलेला दिसत नाही.

आणि धोका? तो खोटा असतो असे म्हणणाऱ्यांनी ९ मार्च २०१५ आठवावा. ‘ड्रॉप्ड’ या फ्रेंच कार्यक्रमाच्या चित्रीकरणात अर्जेंटिनातील व्हिला कास्तेली येथे दोन हेलिकॉप्टरे उड्डाणानंतर लगेच एकमेकांवर आदळली आणि दहा जण ठार झाले. त्यांत नौकानयनपटू फ्लॉरान्स आर्तो, जलतरणपटू कामी म्युफा आणि मुष्टियोद्धा अलेक्सी व्हास्तीन हे नामांकित खेळाडू होते, म्हणून जगाला वार्ता कळली. उरलेले सात म्हणजे चित्रीकरणाची माणसे आणि दोन वैमानिक. त्यांना ना वाघाने मारले, ना तहानेने. ती कामावर असताना झालेल्या अपघाताची बळी होती. ज्या ताफ्याला पडद्यावर जागा नसते, त्याला मरण मात्र खरे येते.

इंग्लंडच्या चॅनेल फोरने २०१६ साली स्कॉटलंडच्या आर्डनामर्खन द्वीपकल्पात २३ माणसे एक वर्षासाठी नेऊन ठेवली. जगापासून तुटलेल्या लोकांनी नवा समाज घडवायचा होता. चार भाग दाखवून झाल्यावर मालिका बंद पडली. रानातल्या लोकांना हे कळविण्यात आले नाही. ते मार्च २०१७ पर्यंत, जे उरले होते ते दहा जण, कोणी पाहत नसलेल्या कार्यक्रमासाठी थंडीवाऱ्यात राबत राहिले. यावर भाष्याची गरज नाही.

रान म्हणजे शत्रू, ही या सर्व कार्यक्रमांची गृहीत कल्पना आहे. ज्यांचे आयुष्य रानात जाते ते असे मानीत नाहीत. कलाहारी वाळवंटातील कुंग लोकांचा रिचर्ड ली यांनी १९६० च्या दशकात अभ्यास केला, तेव्हा आढळले की अन्न मिळविण्यासाठी प्रौढ व्यक्तीला आठवड्यातून सरासरी अडीच दिवसच खर्च होतात, आणि त्या अन्नाचा मोठा भाग स्त्रियांनी गोळा केलेली फळे, कवचाची बी, कंदमुळे यांचा असतो. मार्शल सालिन्स यांनी १९७२ मध्ये ‘स्टोन एज इकॉनॉमिक्स’मध्ये यावरून संपन्नतेची व्याख्याच उलटी करून दाखवली. पुढे या आकड्यांवर आक्षेप आले. बी फोडणे, स्वयंपाक, हत्यारांची डागडुजी हे श्रम धरले तर तास वाढतात, हे म्हणणे योग्यच आहे. तरीही २१ दिवसांत हाडे वर आलेला स्पर्धक आणि त्याच जातीच्या मुलुखात नातवंडे खेळविणारी म्हातारी यांच्यातला फरक धैर्याचा नव्हे. कोणती मुळी कोणत्या महिन्यात खणावी हे ठाऊक असण्याचा, आणि शिकार मिळाली नाही त्या दिवशी शेजाऱ्याच्या चुलीवर आपला वाटा असण्याचा तो फरक आहे.

कॉर्बेटच्या त्या भागात असे शेजारी नव्हते. वास्तविक त्या अरण्याच्या आसऱ्याने वन गुज्जर आपल्या म्हशी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. वाघासाठी राखीव केलेल्या रानातून हटवले जाणारे तेच. पंतप्रधान कॉर्बेटमध्ये होते तो दिवस १४ फेब्रुवारी २०१९ चा. पुलवामाचा हल्ला त्याच दिवशी झाला, म्हणून त्या तारखेवरून राजकीय वादंग माजले. परंतु त्याच्या आदल्या दिवसाची तारीख कोणाच्या ध्यानात राहिली नाही. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला होता की, वनहक्क कायद्याखाली ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत अशांना राज्यांनी रानातून बाहेर काढावे. दहा लाखांहून अधिक कुटुंबांवर ही कुऱ्हाड येणार, असे त्या वेळी बोलले गेले. महाराष्ट्रही त्या राज्यांत होता. देशभर निषेध झाल्यावर आणि केंद्र सरकार उशिराने जागे झाल्यावर २८ फेब्रुवारीला या आदेशाला स्थगिती मिळाली.

२००६ चा हा कायदा अनुसूचित जमातींखेरीज इतर वनवासींना सांगतो की, १३ डिसेंबर २००५ पूर्वी तुम्ही तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, रानात राहत होता हे सिद्ध करा. उत्तराखंडातील वन गुज्जरांना हीच अट लागू आहे. ज्याने सात दिवस काढले त्याची साक्ष उपग्रहाने जगभर पोचते. ज्याच्या आजोबाने तेथे हयात काढली त्याच्याकडे कागद मागितला जातो. नियमावलीतील तेराव्या नियमाने गावातील वृद्धांचे लेखी कथन, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने हे सारे पुरावे म्हणून मान्य केले आहेत. पण दाव्यांच्या फायली परत येतात तेव्हा, उपग्रहाच्या चित्रात तुमची शेती दिसत नाही, असे त्यांवर लिहिलेले अनेक ठिकाणी आढळले आहे. ग्रामसभांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तेराव्या नियमाची प्रत जवळ बाळगावी आणि म्हाताऱ्या माणसांची कथने, ती माणसे आहेत तोवर, लिहून घ्यावीत.